पाहण्याचे पैसे

मी आयुष्यात वर्तमानपत्राला एकच पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. यात माझा दोष एवढाच, की मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. वजनमाप कार्यालयात तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून नोंदी करताना अक्षर वळणदार ठेवायची सवय लागली. नाहीतर वाचकांच्या पत्रव्यवहारात जागा मिळवणं ही काही गंमत नाही. लोक वर्षानुवर्षं लिहितात आणि वर्षानुवर्षं रद्दीत जातात.

पत्राचा विषय होता मंगळ. सरकार मंगळावर यान पाठवणार, ते यान तिथल्या जमिनीला भोक पाडून आत ओल आहे का ते बघणार, आणि त्याचा खर्च तुम्ही-आम्ही सोसणार. योगायोग असा, की त्या दिवशी सकाळपासून आमच्या नळाला पाणी नव्हतं. मी साबण लावलेल्या अवस्थेत बराच वेळ विचार केला आणि अंग पुसून लिहायला बसलो. 'आधी घरातली गळती थांबवा, मग आभाळाकडे बघा! पैसा कामात घालवावा, नुसतं पाहण्यात घालवू नये!' हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "छान आहे. पण आपली मुलगी तिथेच काम करते ना?"

करते. परगावी, सहा वर्षं, एका खोक्यावर. बुटाच्या खोक्याएवढं ते खोकं यानाला बसवणार आणि भोकातल्या मातीत पाणी आहे की नाही ते तेच सांगणार. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणालो. माणूस असं म्हणतो तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा दुसराच असतो. पण बायकोनं मला तेव्हा टोकलं नाही आणि मीही पाकीट चिकटवून टाकलं.

पत्र रविवारी आलं. सोमवारी साहेबांनी पाठ थोपटली. मंगळवारी केस कापणाऱ्यानं माझी मान हातात धरून ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि बुधवारी मी आमच्या सोसायटीच्या गळती समितीचा अध्यक्ष झालो.

त्याचं असं झालं. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांना सगळी इमारत 'बाई' म्हणते. त्यांच्या बैठकीच्या खोलीच्या छतावर ओलीचा एक डाग उमटला होता. बाई रोज सकाळी स्टुलावर चढून त्या डागाची कड पेन्सिलीनं आखायच्या आणि शेजारी तारीख घालायच्या. एका कोपऱ्यात 'प्रगती सातत्यपूर्ण' असा शेराही होता. डाग बशीएवढा होता तोवर सोसायटीनं दखल घेतली नाही. तो ताटाएवढा झाल्यावर आमच्या सेक्रेटरींनी सभा बोलावली.

सेक्रेटरींना आम्ही ठरावसाहेब म्हणतो. त्यांचा जगातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा बहुमतावर विश्वास. जिन्यातला दिवा गेला तरी तो गेला आहे असा ठराव झाल्याशिवाय ते नवा आणू देत नाहीत. त्यांनी सभेत माझं पत्र फडकावलं आणि म्हणाले, "आधी घरातली गळती, असं ज्यांनी जाहीरपणे म्हटलंय, त्यांच्यापेक्षा लायक अध्यक्ष कोण?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्लंबरला बोलावलं होतं. तो डागाकडे बघून म्हणाला, "माझ्याकडे लांब केबल आहे, तोंडाला कॅमेरा. वरून पाइपात सोडू. कुठे गळतंय ते दिसलं, की तिथेच फोडू."

"कॅमेऱ्याचे पैसे वेगळे?" मी विचारलं.

"वेगळे."

"आणि फोडायचे?"

"तेही वेगळे."

"म्हणजे आधीचे नुसते बघायचे?"

"बघायचेच," प्लंबर म्हणाला. या गृहस्थाला वादविवादाची अजिबात सवय नव्हती.

मी उठलो आणि पैसा कामात घालवावा हे वाक्य सभेला ऐकवलं. टाळ्या पडल्या. टाळ्यांचं एक वाईट असतं, त्या वाजत असताना माणसाला आपण बरोबर आहोत असं वाटतं. फक्त तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य चुळबुळ करत म्हणाले, "अहो, मी दाताला हात लावण्याआधी एक्स-रे काढतो."

"म्हणूनच तुमची फी आम्हाला परवडत नाही," ठरावसाहेब म्हणाले आणि त्यांनी मतदान पुकारलं. 'सदर पाणी तिसऱ्या मजल्यावरील दंतवैद्यांच्या न्हाणीघरातून येते' असा ठराव अकरा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. ते एक दंतवैद्यांचं. बाई पक्षकार असल्यामुळे तटस्थ राहिल्या.

न्हाणीघर फोडलं. खालचा स्लॅब ठणठणीत कोरडा. ठराव इतका स्पष्ट असूनही पाण्यानं तो मानला नव्हता. दंतवैद्य पुढे तीन आठवडे आंघोळीला दवाखान्यात जात होते आणि जिन्यात भेटले की मला फक्त दात दाखवायचे.

याच सुमारास मला सरकारी पाकीट आलं. मंगळ मोहिमेच्या खर्चाचा फेरविचार करण्यासाठी एक समिती नेमली होती. मोहीम पुढे न्यायची की गुंडाळायची, हे ती ठरवणार होती. 'आपले वर्तमानपत्रातील विचार मननीय असल्याने आपण सामान्य नागरिक या नात्याने समितीपुढे साक्ष द्यावी.' सामान्य या शब्दाखाली कुणीतरी रेघ मारली होती. समितीनं बोलावलेला मोहिमेविरुद्धचा एकमेव नागरिक मी होतो, हे मला मागाहून कळलं.

पाकिटाच्या मागोमाग मुलगी आली. फेरविचार होईपर्यंत खोक्याचं काम थांबवलं होतं आणि सगळ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं होतं. तिनं बॅग ठेवली, आईच्या गळ्यात पडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, बाबांना सांग, त्यांचं पत्र आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. साहेबांनी मला विचारलं, हे तुमच्या ओळखीचे का म्हणून."

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"आई, त्यांना सांग, तोंडओळख आहे असं सांगितलं."

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळा व्यवहार हिच्यामार्फत चालू झाला. मी मीठ मागितलं तर मुलगी आईकडे द्यायची आणि आई माझ्याकडे. सरकारी खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे मला ही पद्धत परिचयाची होती. पण घरात ती फार लागते हो.

मी साक्ष रद्द करायला समितीच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या लिपिकानं माझा अर्ज उलटसुलट बघितला आणि परत सरकवला. "माघारीचा अर्ज साक्ष झाल्यावर घेतो."

"झाल्यावर काय उपयोग?"

"साक्ष नोंदलेलीच नाही, तर माघार कशाची घेणार?"

मी स्वतः लिपिक आहे. इतका निर्दोष अडथळा मला तीस वर्षांत घालता आलेला नाही, हे मी मोकळेपणानं कबूल करतो. मग मी दुसरा डाव टाकला. 'प्रकल्पात आपला आर्थिक हितसंबंध आहे काय?' या रकान्यात 'मुलगी' असं लिहिलं.

"मुलगी हा आर्थिक हितसंबंध होत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला मुलगी नाही वाटतं?"

"आहेत. दोन," तो खिन्नपणे म्हणाला. पण नियम नियमच. त्यानं रकाना खोडला आणि तारखेचा शिक्का मारला. ती तारीख सोमवारची होती, बरोबर तीन आठवड्यांनंतरची.

इकडे गळती समितीचं काम जोरात होतं. दुसऱ्या सभेत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं असं आठ विरुद्ध चार मतांनी ठरलं. टाकी रिकामी करून आतून लेप दिला, दोन दिवस सगळी इमारत बादल्या घेऊन जिन्यात उभी राहिली. बाईंचा डाग परातीएवढा झाला. तिसऱ्या सभेत ठरावसाहेब माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, "आता राहिला चौथा मजला." चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो.

मी समितीचा अध्यक्ष. माझ्या अध्यक्षतेखाली, माझ्याच स्वयंपाकघरातून पाणी येतं हा ठराव मी मांडायचा आणि सही मी करायची! मी म्हणालो, "अहो, आमच्याकडे थेंब नाही."

"दंतवैद्यही असंच म्हणाले होते," कुणीतरी म्हणालं. दंतवैद्यांनी दोन्ही हात वर केले. एकच मोजला, तरी ठराव दहा विरुद्ध दोननं मंजूर झाला. विरोधातली दोन मतं म्हणजे मी आणि आमची ही. हिनं हात वर केला खरा, पण जरा उशिरा केला.

ओटा गेला, मोरी गेली, टाइल्स गेल्या. हिनं बावीस वर्षं जपलेलं स्वयंपाकघर दोन दिवसांत ढिगाऱ्यात निघालं आणि खाली स्लॅब कोरडा. ही बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात स्टोव्ह मांडून बसली. तिनं भांडी ज्या आवाजात मांडली, त्यावरून मला सगळं समजलं.

प्लंबर ढिगारा भरता भरता म्हणाला, "साहेब, आत्तापर्यंत जे फोडलं, त्याच्या दहाव्या हिश्श्यात कॅमेरा झाला असता."

मी ढिगाऱ्यावर बसलो. तीस वर्षं मी दुकानदारांना सांगत आलो, की बाबांनो, अंदाजानं देऊ नका, तराजूत घाला. आणि इथे आम्ही उंटावरून शेळ्या हाकत दोन घरं फोडली होती. मला लाज वाटली. पत्राचीही वाटली, आणि ती जास्त वाटली. कारण ते पत्र मंगळाबद्दल नव्हतंच. आमच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मुलगी येणार होती, मी जेवणाचं टेबल सांगून ठेवलं होतं, आणि तिनं आदल्या दिवशी कळवलं, की खोक्याची हादऱ्यांची चाचणी आहे, जमत नाही. पुढच्याच आठवड्यात मी पत्र लिहिलं. एका खोक्याचा मत्सर करणारा बाप मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

चौथ्या सभेत मी कॅमेऱ्याचा ठराव मांडला. ठरावसाहेबांनी शांतपणे पहिल्या सभेचं इतिवृत्त काढलं आणि माझं वाक्य मला वाचून दाखवलं. मग माझं पत्र काढलं आणि तेही वाचलं. "या थोर विचारवंताला आपलं काय उत्तर?"

मुलगी दारात आईच्या मागे उभी होती. मी म्हणालो, "तो विचारवंत गाढव आहे. मी त्याला जवळून ओळखतो."

मतं सहा-सहा पडली. तेव्हा बाई उठल्या. "तटस्थ राहून माझ्या डोक्यावर छत येतंय," त्या म्हणाल्या, "माझं मत कॅमेऱ्याला."

रविवारी सकाळी गच्चीवरून केबल सोडली. पाट्याएवढा पडदा बाईंच्या टेबलावर ठेवला होता आणि त्याच्याभोवती पोराबाळांसकट सगळी इमारत. तुम्हाला खोटं वाटेल, पण बावीस वर्षं आम्ही ज्या पाइपाच्या भोवती राहिलो, तो आतून कुणी पाहिलाच नव्हता! गंजाचे पापुद्रे, जुने सांधे, कुठून कुठून येऊन मिळणाऱ्या नळ्या. "हा दंतवैद्यांचा सांधा," प्लंबर वरून ओरडला. तो सांधा धडधाकट दिसला आणि दंतवैद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे काहीतरी चमकलं. "थांबा, थांबा!" ठरावसाहेब कुणालाही न विचारता ओरडले, "मागे घ्या!"

"अय्या, आमचा चमचा," ही म्हणाली.

"उजेड कमी करा, चकाकतंय," मागून आवाज आला. मुलगी होती. "सावकाश. प्रत्येक सांध्यावर दहा सेकंद थांबा. आणि कुणीतरी लिहून घ्या." बाईंनी पेन्सिल काढली. तासाभरात केबल तळाला टेकली. सतरा सांधे पाहिले. सतराही कोरडे.

आणि मग जो गिल्ला झाला! "डोंगर पोखरून उंदीर काढतात," ठरावसाहेब म्हणाले, "इथे तोही निघाला नाही! पैसे पाण्यात गेले!"

"पाण्यात जायला पाणी तरी सापडायला हवं होतं," दंतवैद्य म्हणाले.

मला भयंकर राग आला. "अहो, पाइप शाबूत आहे हे कळलं ना! आता यातली एकही भिंत फोडायला नको. हे काय कमी आहे?" हे सगळं मीच बोलत होतो. आवाज माझाच होता, पण मतं बहुधा दुसऱ्या कुणाची होती.

दुपारी मुलगी आपण होऊन माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, आमच्या खोक्यालाही काही सापडेलच असं नाही."

मी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"सहा वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. पैसे मागताना सगळे म्हणतात, सापडेल, सापडेल. पण तिथे कोरडी मातीच असेल कदाचित. मग लोक असेच ओरडतील. तुमच्यावर ओरडले तसे." "मला भीती वाटते त्याची."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. ते मला नीट जमत नाही, म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या मी तुझ्या बाजूनं बोलतो," मी म्हणालो.

"नको. माझ्यासाठी म्हणून काही बोलू नका, लोकांना ते लगेच कळतं. तुम्ही जे पाहिलंत तेच सांगा."

समितीची खोली लांबट होती. टेबलामागे तीन जण होते. मधोमध अध्यक्ष, डावीकडे एक सदस्यबाई, उजवीकडे पोटावर हात ठेवून पेंगणारे सदस्य. कोपऱ्यात लघुलेखक. मुलगी शेवटच्या बाकावर बसली. अध्यक्षांनी माझं पत्र वाचलं आणि खुशीत मान हलवली. "सडेतोड! आता एवढंच सांगा, उद्या यान तिथे गेलं आणि पाणी सापडलं नाही, तर जनतेचे पैसे वाया गेले म्हणायचे की नाही?"

मी घसा खाकरला. "साहेब, आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात."

"विषयावर या."

"विषयच सांगतोय. त्यांच्या छताला ओल आली."

मी सगळं सांगितलं. अकरा विरुद्ध एक सांगितलं, टाकी सांगितली, ओटा सांगितला. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. न्हाणीघर कोरडं निघालं तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. स्वयंपाकघर फोडलं तेव्हा सदस्यबाई "अरे देवा" म्हणाल्या. पेंगणारे सदस्य जागे होऊन म्हणाले, "टाकीच असणार. माझ्या मेव्हण्याकडे टाकीच होती."

"टाकी नाही हो, त्यांनी लेप दिलाय ना," सदस्यबाई म्हणाल्या. "बाहेरच्या भिंतीतून येत असेल."

"दोन मजल्यांच्या मधल्या पोकळीत साचत असेल," अध्यक्ष म्हणाले. "कॅमेऱ्यात काय दिसलं ते सांगा आधी."

"सतरा सांधे साहेब. सतराही कोरडे."

तिघंही मागे टेकले. अध्यक्षांचा चेहरा पडला. "म्हणजे? मग पाणी येतं कुठून?"

"माहीत नाही."

"माहीत नाही काय! पुढे काय केलंत?"

"काही नाही. लोक म्हणाले, एवढे पैसे घालून काही मिळालं नाही, आता बास."

"आणि सोडून दिलंत?" अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "अहो, इथवर येऊन अर्धवट सोडतात का? पाइपात नाही एवढं पक्कं कळलंय, आता खरा शोध सुरू! लोक काय, म्हणणारच. परत कॅमेरा घाला. भिंतीत घाला. पण बघा!"

लघुलेखकाचं लिहिणं थोडं मागे राहिलं होतं. त्यानं शेवटचं वाक्य पुरं केलं, मान वर केली आणि अदबीनं विचारलं, "साहेब, हे कुणाचं मत म्हणून नोंदवू? नागरिकांचं की अध्यक्षांचं?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. त्यांनी एकदा माझ्या पत्राकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. शेवटच्या बाकावर माझी मुलगी दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अध्यक्षांचं," ते म्हणाले. "लिहा."